मोराटोरियमवाला बिल्डर

२०२० च्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच शब्द फिरत होता: मोराटोरियम. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते आधी तीन महिने आणि मग आणखी तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली होती. तळमजल्यावरचे काका एकदम खुशीत. "सहा हप्ते माफ!" त्यांना समजावण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. माफ नाही हो काका, नुसता थांबा आहे. व्याजाचं मीटर चालूच राहणार.

मोराटोरियम म्हणजे ठरावीक काळापुरती स्थगिती. एवढाच अर्थ. तेव्हापासून तो शब्द दिसला की मला सॅम ब्राउन आठवतो. १९६९ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने आणि त्याच्या तीन-चार मित्रांनी हाच शब्द अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावर लावला आणि एका बुधवारी देशभर अंदाजे वीस लाख माणसं कामधंदा सोडून बाहेर आली. पुढे बारा वर्षांनी हाच गृहस्थ डेन्व्हरमध्ये बिल्डर झाला.

"म्हणजे विकला गेला," ही मी कुणालाही हे सांगितल्यावर ऐकू येणारी पहिली प्रतिक्रिया. साहजिक आहे. आपल्याकडे बिल्डर म्हटलं की ताबा न मिळालेला फ्लॅट, दारात उभा पाण्याचा टँकर आणि कोपऱ्यावरचं नगरसेवकाचं फ्लेक्स आठवतं. पण त्याचं आयुष्य नीट पाहिलं तर हा शेरा इतका सहज मारता येत नाही. त्यासाठी मात्र ऑलिम्पिक, बँकेतल्या ठेवी आणि भाड्याच्या घरांचं गणित अशी जरा आडवाट धरावी लागते.

लढायला अठरा, मत द्यायला एकवीस

अमेरिकेत तेव्हा सक्तीची लष्करभरती होती. अठरा पूर्ण झाले की नाव नोंदवायचं, बोलावणं आलं की जायचं. कॉलेजात असलेल्याला सवलत मिळे, त्यामुळे ज्याच्या बापाकडे फीचे पैसे तो वर्गात आणि ज्याच्याकडे नाहीत तो व्हिएतनामच्या भातखाचरात, असा सरळ हिशोब झाला होता. गंमत म्हणजे मतदानाचं वय होतं २१. ते १८ झालं १९७१ मध्ये. १९६९ च्या वसंतात व्हिएतनाममध्ये पाच लाख चाळीस हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक होते.

ब्राउन हा आयोवा राज्यातल्या काउन्सिल ब्लफ्स गावचा. मिझुरी नदीच्या काठचं, मक्याच्या पट्ट्यातलं, चर्चला जाणाऱ्या माणसांचं गाव. शिकत शिकत तो हार्वर्डच्या धर्मशास्त्र विभागात पोचला. १९६८ मध्ये सिनेटर युजीन मॅकार्थी युद्धाच्या मुद्द्यावर स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध, म्हणजे लिंडन जॉन्सनविरुद्ध, उभे राहिले. त्यांच्यासाठी विद्यार्थी स्वयंसेवक जमवायचं काम ब्राउनकडे आलं.

पक्षाचा उमेदवार ठरवायचं पहिलं मतदान होतं न्यू हॅम्पशायरमध्ये. हे छोटं, थंड आणि जुन्या वळणाचं राज्य. तिथे दारावर केसाळ, दाढीवाला पोरगा उभा राहिला तर म्हातारी दारच उघडणार नाही, हे या मंडळींनी ओळखलं. तेव्हा मुलांनी दाढ्या काढल्या, केस कापले, मुलींनी लांब झगे घातले. ज्याला दाढी सोडवेना त्याला मागच्या खोलीत बसवून पाकिटं भरायला लावलं. घोषणाच होती, 'क्लीन फॉर जीन'. जीनसाठी, म्हणजे युजीनसाठी, चकाचक व्हा! १२ मार्चला निकाल लागला. मॅकार्थींना सुमारे ४२ टक्के मतं. जिंकले जॉन्सनच, पण गादीवरच्या राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या पक्षात इतकी टक्कर मिळणं हा हादरा होता. ३१ मार्चला जॉन्सननी टीव्हीवर सांगून टाकलं की मी पुन्हा उभा राहणार नाही.

तो वस्तरा लक्षात ठेवा. ब्राउनचं पुढचं सगळं राजकारण त्यात आहे. आपलं म्हणणं बदलायचं नाही, पण समोरच्याला दार उघडता येईल असं उभं राहायचं.

संप का नाही, मोराटोरियम का?

रिचर्ड निक्सन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, तरी युद्ध थांबेना. बॉस्टनमधले पाकिटांचे एक कारखानदार जेरोम ग्रॉसमन यांनी कल्पना मांडली: ठरावीक तारखेपर्यंत युद्ध थांबलं नाही तर देशभर संप. ब्राउनला कल्पना पटली, शब्द पटला नाही. संप म्हटला की गेट बंद, घोषणा, पोलीस. नर्स, शाळामास्तर, दुकानदार, चर्चमधल्या बायका संपावर जात नाहीत. पण 'रोजचं काम एक दिवस बाजूला ठेवा आणि युद्धाबद्दल बोला' म्हटलं तर येतील. संपाचा झाला मोराटोरियम. डेव्हिड हॉक, डेव्हिड मिक्सनर आणि मार्ज स्क्लेन्कार यांना घेऊन वॉशिंग्टनमध्ये कचेरी उघडली.

योजनेत एक खुबी होती. ऑक्टोबरात एक दिवस, नोव्हेंबरात दोन, डिसेंबरात तीन, असा युद्ध संपेपर्यंत दर महिन्याला एक दिवस वाढवत जायचा. चढत्या व्याजासारखं. काकांना हे फार आवडलं असतं.

१५ ऑक्टोबर १९६९. बॉस्टनच्या मैदानात एक लाख माणसं. न्यू यॉर्कमध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी झेंडे अर्ध्यावर उतरवायचा हुकूम काढला. वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या विधवा कोरेटा स्कॉट किंग मेणबत्त्यांचा मोर्चा घेऊन व्हाइट हाउसवरून गेल्या. आणि बाकी ठिकाणी? गावच्या चौकात उभं राहून युद्धात मेलेल्यांची नावं वाचणं, दंडाला काळी फीत, कॉलेजच्या हिरवळीवर सभा. बव्हंशी शांत. महिन्याभराने वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या एका, जास्त जहाल आघाडीने मोठा मोर्चा काढला. मोराटोरियमवाले त्यात सामील झाले. त्याच्या आदल्या दोन रात्री लोक एकामागे एक चालत होते. प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी, पाटीवर एका मेलेल्या सैनिकाचं किंवा बेचिराख झालेल्या व्हिएतनामी गावाचं नाव. व्हाइट हाउससमोर आलं की ते नाव मोठ्याने उच्चारायचं, पुढे संसदेपाशी ठेवलेल्या शवपेटीत पाटी टाकायची. थंडीत हे सुमारे चाळीस तास चाललं.

पण युद्ध थांबलं का?

नाही. अमेरिकी सैन्य निघालं १९७३ मध्ये, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडली १९७५ मध्ये. मग या मेणबत्त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न विचारायलाच हवा.

याचं उत्तर देणारा साक्षीदार खुद्द निक्सन आहे. आपल्यावर निदर्शनांचा काडीचा परिणाम होणार नाही, असं ते आधीच पत्रकारांना सांगून बसले होते. पण त्यांनी उत्तर व्हिएतनामला गुपचूप मुदत दिली होती: १ नोव्हेंबरपर्यंत तडजोड करा, नाहीतर जबर तडाखा देऊ. तो तडाखा त्यांनी दिला नाही. आणि पुढे आत्मचरित्रात लिहिलं की मोराटोरियममुळे त्या धमकीतली हवाच गेली. न झालेल्या बॉम्बफेकीची मोजदाद कुणी करत नाही, म्हणून अशा यशाला हार-तुरे मिळत नाहीत.

अपयशही तेवढंच खरं. ३ नोव्हेंबरला निक्सननी 'मूक बहुसंख्या' माझ्या पाठीशी आहे असं भाषण ठोकलं आणि ते चाललं. महिन्याला एक दिवस वाढवायची योजना डिसेंबरातच ढेपाळली. उत्साहावर चक्रवाढ व्याज लागत नाही! एप्रिल १९७० मध्ये समितीने गाशा गुंडाळला, आणि मोजक्या दिवसांत निक्सननी कंबोडियात सैन्य घुसवलं.

ब्राउनने यातून काढलेला धडा अनेक सहकाऱ्यांना झोंबला. त्याचं म्हणणं, चळवळीतली जहाल मंडळी झेंडे जाळून नेमक्या त्याच मध्यमवर्गाला पळवून लावतायत, ज्याच्यावाचून युद्ध थांबणार नाही. मला हे पटतं. पण ज्याच्या भावाला बोलावणं आलंय त्याला 'जरा सभ्यपणे बोल' हा सल्ला कसा ऐकू येत असेल, हेही कळतं.

ऑलिम्पिकला नकार

ब्राउन कोलोरॅडोला गेला. १९७० मध्ये डेन्व्हर शहराला १९७६ चं हिवाळी ऑलिम्पिक मिळालं होतं. शहरातले बडे उद्योजक, बँकर, राजकारणी सगळे हरखलेले. आयोजकांनी दाखवलेल्या एका डोंगराच्या फोटोत बर्फ पुरेसा नव्हता, म्हणून तो रंगवून घेतला होता! यावरून बाकी कारभाराची कल्पना यावी.

ब्राउन आणि त्याच्यासारख्या तरुणांनी आमदार डिक लॅम यांच्यासोबत विरोध उभा केला. युद्धासारखा मोठा विषय नाही, पण युक्ती तीच. 'भांडवलदारांचा डाव' वगैरे भाषा नाही. दोनच प्रश्न: पैसे कोण भरणार, आणि डोंगरांचं काय होणार? खर्चासाठी राज्य पन्नास लाख डॉलरचे कर्जरोखे काढणार होतं. कर्जरोखा म्हणजे सरकारने लोकांकडून घेतलेल्या उसन्या पैशाची चिठ्ठी. फेड पुढच्या करातून. तेव्हा मतदारांनीच ठरवावं, अशी मागणी करून यांनी सह्या गोळा केल्या आणि विषय मतपत्रिकेवर आणला.

७ नोव्हेंबर १९७२ ला सुमारे ५९ टक्के लोकांनी राज्याचा पैसा ऑलिम्पिकवर खर्च करायला नकार दिला. पदरात पडलेलं ऑलिम्पिक मतदारांच्या कौलाने परत करणारं डेन्व्हर हे आजवरचं एकमेव शहर. आता खरी मेख ऐका. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि कोलोरॅडोने निक्सनना भरभरून मतं दिली. म्हणजे हजारो माणसांनी एक खूण निक्सनसमोर केली आणि दुसरी, निक्सनविरुद्ध देश उठवणाऱ्या पोराच्या बाजूने. मूक बहुसंख्येचं दार त्याने अखेर उघडून घेतलंच. (भारताने २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी इच्छापत्र दिलेलं आहे. आपल्याला कुणी मतपत्रिका देणार नाही, पण 'पैसे कोण भरणार' हा प्रश्न फुकट विचारता येतो.)

तिजोरीच्या किल्ल्या

१९७४ मध्ये लॅम गव्हर्नर, म्हणजे राज्याचे कारभारप्रमुख, म्हणून निवडून आले आणि ब्राउन, वय ३१, राज्याचा खजिनदार म्हणून निवडून आला. तिथे हे निवडणुकीचं पद असतं. काम काय? राज्याचा कर गोळा झाला की खर्च होईपर्यंत तो बँकांत ठेवायचा.

आपल्या सोसायटीचा दुरुस्ती निधी घ्या. वीस लाखांची मुदत ठेव कुठल्या बँकेत ठेवायची? बहुतेक सचिव शेजारच्या बँकेत ठेवतात, कारण मॅनेजर ओळखीचा. आता एखाद्या सचिवाने विचारलं, "तुम्ही आमच्याच मागच्या चाळीतल्या रिक्षावाल्यांना कर्ज देता का? देत असाल तर ठेव तुमच्याकडे." ब्राउनने राज्याच्या पातळीवर नेमकं हेच केलं. छोटे धंदे, शेतकरी कुटुंबं, विद्यार्थी, गरीब वस्तीतली घरं यांना कर्ज देणाऱ्या बँकांना ठेवी देताना झुकतं माप दिलं. त्या काळी अमेरिकी बँका नकाशावर काळ्या लोकांच्या आणि गरीब वस्त्यांभोवती लाल रेघ मारून तिथे कर्जच देत नसत, हे लक्षात घेतलं की या प्रश्नाची धार कळते.

सरकारी पैसा सुरक्षित राहायला नको का, हा आक्षेप बरोबर आहे. पण पैसा बँकेतच होता, शेअर बाजारात नव्हे. फक्त आजवर 'ओळखीचा मॅनेजर' हा निकष होता, त्या जागी लेखी निकष आला.

वॉशिंग्टन आणि विक्रोळी

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरनी त्याला 'ॲक्शन' या केंद्रीय संस्थेचा प्रमुख केलं. देशातल्या गरीब वस्त्यांत आणि परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या योजना तिच्याखाली होत्या. परदेशातली ती पीस कोर. तिची आपल्याकडे एक जुनी खूण आहे: कार्टर यांच्या मातोश्री लिलियन १९६६ ते ६८ मध्ये, सत्तरीला टेकलेल्या असताना, विक्रोळीच्या गोदरेज कॉलनीत पीस कोरच्या परिचारिका म्हणून राबत होत्या.

ब्राउनची ही चार वर्षं मला त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात फिकी वाटतात. पीस कोरच्या संचालक कॅरोलिन पेटन, त्या पदावरची पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, यांच्याशी त्याचं पटलं नाही. १९७८ मध्ये त्यांना जावं लागलं, आणि वर्षभरात कार्टरनी पीस कोरला ब्राउनच्या हाताखालून बरंचसं मोकळं केलं. दार उघडायला लावणाऱ्याला घरातल्या माणसांशी जमलं नाही, असंही होतं. १९८१ मध्ये रेगन आले आणि ब्राउन घरी गेला.

परवडणारं घर कुणाला परवडतं?

घरी म्हणजे डेन्व्हरला, आणि भागीदारीत घरबांधणीच्या धंद्यात. घरं कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठीची. हा धंदा कसा चालतो ते पाहिलं की त्याच्यासारखा माणूस इथे का आला असेल हे लक्षात येतं.

समजा एक इमारत बांधायला १०० रुपये लागतात. राहणार त्यात बसचा ड्रायव्हर, इस्पितळातली आया, शाळेचा शिपाई. त्यांना झेपेल असं भाडं धरलं तर त्यातून फार तर ६० रुपयांच्या कर्जाचे हप्ते फिटतात. उरलेले ४० कुठून आणायचे? भाडं वाढवलं तर ड्रायव्हर बाहेर. भिंत पातळ केली तर पावसाळ्यात सगळेच बाहेर. नेहमीचा बिल्डर म्हणेल, त्यापेक्षा श्रीमंतांसाठी बांधतो, कटकट नाही.

त्या ४० रुपयांची जुळवाजुळव हाच या धंद्याचा गाभा. अमेरिकेत त्यासाठी वेगवेगळे नळ आहेत. एक, ज्यांच्या व्याजावर कर नाही असे कर्जरोखे. कर नसल्याने गुंतवणूकदार कमी व्याजावर राजी होतो आणि बिल्डरला कर्ज स्वस्त पडतं. दुसरा, १९७४ पासूनचं भाड्याचं अनुदान: भाडेकरूने उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे, वरचे सरकार भरणार. तिसरा १९८६ चा करसवलतीचा, आणि तो सगळ्यात चलाख. सरकार बिल्डरला रोख पैसा देतच नाही. देतं दहा वर्षं कर कमी भरायचा हक्क. छोट्या बिल्डरला एवढा कर असतो कुठे? मग तो हा हक्क एखाद्या मोठ्या बँकेला विकतो आणि रोकड आजच उचलतो. मुंबई-पुण्याकडच्यांनी टीडीआर (बांधकामाचा विकता येणारा हक्क) आठवावा: हातात कागदी हक्क येतो, तो बाजारात विकून पैसा उभा करायचा. बदल्यात अट अशी की ठरावीक घरं त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या निम्म्याहून, किंवा ६० टक्क्यांहून, कमी कमावणाऱ्यांनाच द्यायची आणि भाड्यावर वर्षानुवर्षं मर्यादा पाळायची.

हे सगळं जुळवायला विटा-सिमेंटपेक्षा फायली जास्त कळाव्या लागतात. कुठला पैसा कुठल्या खात्यात पडून आहे, तो कुणाच्या सहीने हलतो, त्या सहीवाल्याशी कुठल्या भाषेत बोलायचं. माजी खजिनदाराला, कर्जरोख्यांवर अख्खं राज्य मतदानाला नेलेल्या माणसाला, हे नवं नव्हतं. शिवाय गल्लीतल्या लोकांचा विरोध: "गरिबांची घरं हवीतच हो, पण आमच्या शेजारी नकोत." त्या बैठकीत बसायला न्यू हॅम्पशायरची तालीम उपयोगीच.

तरी नफा कमावला ना?

हो. संस्था धर्मादाय नव्हती, धंदा होता. साठच्या दशकातल्या चळवळीतून पैशाकडे वळलेला तो एकटाही नाही. केस पिंजारून न्यायालयाची टर उडवणारा जेरी रुबिन १९८० मध्ये वॉल स्ट्रीटवर नोकरीला लागला; तेव्हा वर्तमानपत्रांना महिनाभर पुरेल इतका विनोद मिळाला. पण रुबिनने खेळच बदलला होता. ब्राउनचा तोच राहिला, फक्त मैदान लहान झालं. आणि मैदान लहान होणं ही तक्रार मला 'विकला गेला' या शेऱ्यापेक्षा जास्त खरी वाटते. वीस लाख माणसं रस्त्यावर आणणाऱ्याने शे-दोनशे घरांच्या फाईलमागे धावायचं, यात काहीतरी हरवलं असेलच. फाईल पुढे सरकली की पावसात डोक्यावर छत असलेली माणसं मात्र मोजता येतात. मोराटोरियमची मोजता आली नव्हती.

जुनी थकबाकी

पुढे राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी ब्राउनला युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य परिषदेसाठी व्हिएन्नाला, राजदूताच्या दर्जाने, पाठवायचं ठरवलं. क्लिंटन स्वतः १९६९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना लंडनमधल्या युद्धविरोधी निदर्शनांत होते, हे विरोधकांच्या ध्यानात होतंच. राजदूताला सिनेटची मंजुरी लागते. तिथे शंभरातले ५१ बाजूने असले तरी पुरत नाही; विरोधकांनी चर्चा संपवूच दिली नाही तर ती बंद करायला तेव्हा ६० मतं लागत. १९९४ मध्ये दोनदा मोजणी झाली. दोन्ही वेळा बहुमत ब्राउनकडे, दोन्ही वेळा साठच्या आत. लष्करी विषयांचा अनुभव नाही, हे वरवरचं कारण. आतलं कारण २५ वर्षं जुनं. १९७७ मध्ये न्यू यॉर्कला व्हिएतनामच्या शिष्टमंडळाच्या स्वागताला तो हजर होता, तेही उकरून काढलं गेलं. काकांना सांगितलं होतं तेच: हप्ता थांबला तरी मीटर चालू असतं.

राजदूत हे बिरुद न लावताच तो व्हिएन्नाला गेला आणि काम केलं. डेन्व्हरने नाकारलेलं १९७६ चं ऑलिम्पिक याच ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला झालं होतं. १९६४ च्या खेळांची मैदानं तिथे तयार होती, म्हणून नव्याने फार बांधावं लागलं नाही. त्या वेळी उद्घाटनाला तिथे दोन ज्योती पेटवल्या, एक १९६४ ची म्हणून आणि एक १९७६ ची.